शिंग लाल की नारंगी

सुलू, बरणी अजून तुझ्या खिडकीतच आहे.

तेरवी झाली, नागपूरचे पाहुणे गेले, मांडववाला दऱ्या गुंडाळून घेऊन गेला. मग तुझ्या दादांनी तुझी खोली आवरायला काढली. औषधांचा डबा गेला, गरम पाण्याची पिशवी गेली, आणि मग यांचा हात त्या बरणीकडे वळला. आत तीच कढीपत्त्याची काडी, काडीला तोच तपकिरी कोष, तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. "हे कायले ठेवून राहिली आता? वाळून गेलं ते," असं म्हणाले. मी बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली, परत खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "पैज लागली आहे." ते पुढच्या फळीकडे वळले. नणंद-भावजयीच्या पैजेत पडायचं नाही, हे इतक्या वर्षांत ते शिकले आहेत.

तुला सगळं माहीत आहे, पण हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर आपल्याकडे दोन फुलपाखरांच्या अळ्या येतात. एक लिंबूवाली, पिवळट अंगावर काळे ठिपके असलेली. दुसरी मॉर्मन, काळीभोर, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. अळ्या इतक्या सारख्या की भले भले चुकतात. या कोषातून मॉर्मन निघणार, असं तू म्हणालीस. मी म्हणाले लिंबूवाली. हरणारीनं पाटवडीचा रस्सा करायचा, ही आपली जुनी पैज. आणि कोष फुटायच्या आधी तू निघून गेलीस.

तू गेलीस हे मी कसंबसं मानलं आहे. पण हे भांडण अर्धवट राहिलं, ते मला सहन होत नाही. कोण बरोबर होतं ते तुला सांगता आलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात सारखं चालू आहे. सकाळी उठते, चहाच्या आधी बरणी पाहते. कोष तसाच. आणि हो, मी हे शाळेतल्या मराठीत लिहून राहिले आहे, हसू नकोस. कागद समोर आला की मला तसंच सुचतं.

मी यवतमाळकडून लग्न होऊन या हिंदी मुलखात, गुढियारीतल्या या घरात आले, तेव्हा तू कॉलेजात होतीस. मला इथलं काही समजेना. बाया अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत, मधूनच होकाराला "हव" म्हणत, आणि मागून मालगाडी गेली की घरातली सगळी भांडी बोलायची. सासूबाईंसमोर चांगली सून दिसावं म्हणून मी ओलं फडकं घेऊन दिसेल ते पुसत सुटले होते. अंगणात डालड्याच्या डब्यात लिंबाचं रोप होतं. त्याच्या पानावर पाखराची शीट दिसली, म्हणून तीही पुसायला गेले. तर त्या शिटेनं मान वर केली, डोक्यातून दोन टोकांचं शिंग बाहेर काढलं, आणि सडक्या लिंबासारखा असा काही वास सोडला की मी फडकं टाकून किंचाळले. तू धावत आलीस आणि पोट धरून हसत सुटलीस. "वहिनी, घान नाही वो ती, अळी हाये. घान असल्याचं सोंग करून राहिली, कोणी खाऊ नये म्हणून." सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही आई, वहिनीनं माहेरचं भजन म्हणून दाखवलं." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या घरात आपलं एक माणूस आहे.

मला अळ्यांची किळस होती. तुझी नव्हती मला, म्हणून अळ्यांचीही गेली. असंच झालं ते, यात काही मोठं नाही.

पुढे तू शंकर नगरच्या ऑफिसात अकाउंट्सला लागलीस आणि घरात अळ्यांची आवक वाढली. ऑफिसच्या कुंपणाला लिंबू होतं, रुई होती, एरंड होता. तुझ्या पिशवीत दोन डबे असायचे, एक भाजीचा आणि एक अळीचा. तुझ्या टेबलाशेजारच्या बाईनं एकदा चुकून दुसरा डबा उघडला आणि त्यानंतर तिनं कधी तुझ्या डब्यात हात घातला नाही. "चांगलंच झालं," तू म्हणालीस, "माझी वांग्याची भाजी रोज अर्धी तीच खायची."

अळी ओळखायची तुझी एक पद्धत होती, आणि त्यात तू कोणाचं ऐकत नव्हतीस. कोणी डबा आणला तरी तू आत पाहायचीच नाहीस. पहिला प्रश्न, "कोणत्या झाडावर होती?" समोरचा म्हणायचा, "अहो, पाहा तर आधी." "नाही. आधी झाड." रुईवरची असेल तर अंगभर काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि कोष उलटा टांगलेला. लिंबावरची असेल तर कोष उभा, कमरेला रेशमाचा दोरा, विजेच्या खांबावर पट्टा बांधून उभ्या असलेल्या लाइनमनसारखा. झाड कळल्यावरच तू चष्मा वर करून आत पाहायचीस. आणि तरी नाव पक्कं करायची नाहीस. "वाढवून पाहू. बाहेर निघन ते खरं." पाऱ्यात, म्हणजे आपल्या मोहल्ल्यात, तुझं नाव इल्लीवाली दीदी पडलं होतं. हिंदीत अळीला इल्ली म्हणतात, आणि तुला ते नाव सुलभापेक्षा जास्त आवडायचं.

वाढवणं काही सोपं नव्हतं. भनपुरीच्या कारखान्यांकडून वारा आला की पानांवर काळी भुकटी बसायची. ती पानं तू धुवायचीस, मग एकेक पान तुझ्या दादांच्या जुन्या बनियनने कोरडं पुसायचीस. "ओलं पान खाल्लं तर हगवण लागते तिले." दादा ताटावर बसून ओरडायचे, "अवं, इथी माणसं उपाशी आहेत." तू म्हणायचीस, "तुम्हाले हातपाय हाये दादा, वाढून घ्या." मी आत तोंडात पदर धरून हसत असायचे. आज ते बनियन मला तुझ्या कपाटात सापडलं. कडक वाळलेलं आहे, पानांचे हिरवे डाग आहेत. ते मी दादांना दाखवलं नाही.

पैजेची सुरुवात कशी झाली, ते तू नेहमी चुकीचं सांगायचीस, म्हणून आज मी सांगते. कढीपत्त्यावरची अळी होती. कोषातून निघाली ती काळी, पण पंखांवर लाल डाग. मी म्हणाले, हे तर गुलाब! मंदिराच्या बागेत मी तसलं फुलपाखरू पाहिलं होतं आणि तूच मला त्याचं नाव सांगितलं होतंस. तू म्हणालीस, गुलाब नाही, मॉर्मन. मी म्हणाले, डोळे फुटले का तुझे? त्यावर तू मला हाताला धरून खिडकीशी नेलंस. "पंख नका पाहू. अंग पाहा. गुलाबाचं अंग लाल असते. हिचं काळं हाये. गुलाब विषारी वेलीवर वाढते, म्हणून पाखरं तिले तोंड लावत नाहीत. मॉर्मनच्या काही बाया तिच्यासारखी साडी नेसतात, बस. साडी तिची, अंग आपलंच." आणि गंमत अशी की हे सगळं तू माझी लाल काठाची काळी साडी नेसून सांगत होतीस, जी मला न विचारता ऑफिसला घालून गेली होतीस. पाठीमागून लोक तुलाच माझ्या नावानं हाक मारायचे. पाटवडी त्या दिवशी मी केली. साडी मात्र परत मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही.

एक नियमही तूच केला होतास. एकदा कोष फुटला आणि आतून फुलपाखरू नाहीच निघालं, निघाली एक बारीक काळी माशी. गांधीलमाशीच्या जातीची. अळी लहान असतानाच या माशीच्या आईनं तिच्या आत अंडं घालून ठेवलेलं, आणि हिनं आतल्या आत सगळं खाऊन टाकलेलं. मी चप्पल उचलली होती. तू माझा हात धरलास. "तिलेबी पोट हाये, वहिनी." खिडकीत नेऊन जाळी सोडलीस. मग मी विचारलं, पैजेचं काय? तू जरा विचार करून म्हणालीस, "माशी निघाली तर कोणीच हरलं नाही. पैज पुढच्या अळीवर." कोर्टातल्या जजसारखी बोललीस. मी म्हणाले, मंजूर.

माझी लेक, आपली मुग्धा, मोठी झाली आणि तिनं फोन आणला. आत्या म्हणायची नाही पोट्टी, इथल्या सगळ्या पोरांसारखी बुआच म्हणायची. "बुआ, फोटो लो ना, ऐप सब बता देगा." तू फोटो काढू दिलास. ॲपनं एका बाजूनं मॉर्मन सांगितलं, अळीला जरा फिरवून काढला तर लिंबूवाली सांगितलं. तू फोन मुग्धाच्या हातात परत दिलास. "हे तर आम्हा दोघींसारखंच हाये, आपसात भांडून राहिलं. त्याले म्हणा, झाडाचं नाव विचार आधी." मुग्धा म्हणाली, "बुआ, आप लोग ना, बस लड़ना है आपको।" खरं होतं तिचं.

पण मुग्धा नोकरीला पुण्याला गेली, तेव्हाचं मी कधी विसरणार नाही. स्टेशनवरून आलो, तर मला घरात हातपाय हलवावेसे वाटेनात. तू काही समजूत घातली नाहीस. लिंबाचं एक पान आणून माझ्या तळहातावर ठेवलंस. पानावर मोहरीहून लहान, पिवळसर अंडं. "घ्या. हे तुमचं. उद्या-परवा निघन. मग रोज ताजं पान लागते याले, मी ऑफिसला असते, मले जमणार नाही." तुला सगळं जमत होतं, सुलू. तुझ्या एका डब्यात त्या वेळी चार अळ्या होत्या. तरी मी ते पान घेतलं आणि रोज पान बदलता बदलता माझं मन परत घरात आलं. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. तुला वाटलं असेल, वहिनीला कळलंच नाही.

आणि आता तो किस्सा, ज्यावरून आपण दोघी आयुष्यभर एकमेकींना चिडवलं. पुढच्या दाराशी पांढऱ्या फुलांच्या चांदणीचं झाड होतं. त्यावर बोटाएवढी हिरवीगार अळी सापडली, मागे शेपटीसारखा आकडा, मानेजवळ दोन निळे डोळे, खोटे. किती खायची ती! दोन दिवसांत अर्धी फांदी साफ. मग एका दुपारी तिचा हिरवा रंग उतरू लागला, अंग काळपट, तांबूस झालं, आणि खाणं एकदम बंद. ती पान सोडून चालू लागली. आपण घाबरलो. तू सुट्टी टाकलीस. मी तिला उचलून पानावर ठेवावं, तिनं उतरावं. तू कोवळं पान शोधून आणावंस, तिनं तोंड फिरवावं. तू तिच्यावर हळदीचं पाणी शिंपडलंस, आठवते? दिवसभर दोन बाया एका अळीमागे, पानावर ठेव, पानावर ठेव. संध्याकाळी ती वॉशिंग मशीनखाली गेली ती गेलीच. तू रडलीस. मीही रडले. दादा म्हणाले, "सुतक पाळायचं का?"

मग कितीतरी दिवसांनी मशीन सरकवली, तर मागे पायपुसण्याखाली जाळं विणून बसलेला एक मोठा तपकिरी कोष. त्यातून निघाला तो पतंग, अंगभर हिरव्या रंगाच्या छटा, मिलिटरीच्या कपड्यासारखा. तू त्याच्याकडे पाहत बसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे ती आजारी नव्हती वो. तिचं खाणं झालं होतं. ती आपली जागा शोधून राहिली होती, आणि आपण दोन येड्या तिले पानावर ठेवून राहिलो." त्या दिवसापासून आपला दुसरा नियम झाला. चालू लागली की जाऊ द्यायचं. पानावर परत ठेवायचं नाही.

तुझा आजार कळला त्यानंतरची दिवाळी झाली होती. ऊन चांगलं पडायचं, म्हणून तुला अंगणात खुर्ची टाकून द्यायचो. दादा समोर पेपर घेऊन बसायचे. कढीपत्त्यावर एक अळी मोठी झाली होती, जाड, हिरवी. शिंगाच्या रंगावरून काही तरी अंदाज येतो, लाल असेल तर मॉर्मन, नारंगी असेल तर लिंबूवाली. मी काडीनं तिला जरा डिवचलं. शिंग बाहेर आलं, वास आला, शिंग आत गेलं.

"लाल," तू म्हणालीस.

"नारंगी," मी म्हणाले.

"वहिनी, लाल होतं."

"तुझा चष्मा कुठी हाये? नारंगी होतं, गाजरासारखं."

परत डिवचलं, तर ती शिंग काढेना. आपण दोघी तिच्यावर वाकून बसलो. तू म्हणालीस, "दादा, तुम्ही सांगा. तुम्हीबी पाहिलं ना?" दादांनी पेपर वर धरला. "मले यात पाडू नका. मी पेपर वाचून राहिलो." तू म्हणालीस, "पाहा, या माणसाले जन्मात कधी अळीकडे पाहावंसं वाटलं नाही." आणि पैज लागली. दुसऱ्या दिवशी अळी काडीवर चढली, कमरेला दोरा बांधला आणि कोष झाली. काडी तपकिरी, कोषही तपकिरी. बरणी तुझ्या खिडकीत गेली. थंडी वाढली. कोष फुटायची वेळ येऊन गेली. मी म्हणायची, वाळला. तू म्हणायचीस, "थंडीत झोपतात काही काही. उठन."

मग तू दवाखान्यातच जास्त राहू लागलीस. मी खोलीत शिरले की तुझा पहिला प्रश्न, "कोष?" मी म्हणायचे, तसाच. तू मान हलवायचीस, जसं काही कोष तुझ्या सांगण्यानेच थांबला आहे. मी रोज काही तरी करून आणायची, मुगाचं पाणी, भाताची पेज, एकदा तर तुझ्या आवडीचं वांगं मऊ शिजवून, कुस्करून. तू चमचा तोंडाशी आला की तोंड फिरवायला लागली होतीस. मी डॉक्टरांना विचारत होते, सिस्टरला विचारत होते, शेजारच्या बेडवरच्या बाईला विचारत होते, काय दिलं तर खाईल ही. एका दुपारी तू माझ्या मनगटावर हात ठेवलास आणि अगदी हळू म्हणालीस, "वहिनी, आता पानावर ठेवू नका मले."

मला लगेच कळलं. तुला कळलं की मला कळलं. आणि मला असा राग आला, सुलू, असा राग आला की काय सांगू. "गप. मोठी आली अळी. दोन चमचे घे मुकाट्यानं," असं मी म्हणाले. तू घेतलेस दोन चमचे. माझ्यासाठी घेतलेस, तुला नको होते. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला नाही. नुसती बसले तुझ्याजवळ, आणि आपण कोषाचं बोललो. आता वाटतं, बरं झालं मी ऐकलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, काहून ऐकलं, अजून दोन चमचे दिले असते.

माझा तुझ्यावर फार जीव होता. आपल्या घरात हे असं कोणी बोलत नाही. आपण अळीबद्दल बोललो, पाटवडीत तिखट किती ते बोललो, साडीवरून भांडलो. तुला कळलं असेलच म्हणते मी, पण सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आता सांगते. ऐक.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पलीकडची निर्मला आली. हातात डबा. दारातच उभी राहून म्हणाली, "दीदी ला देखाहूँ कहिके धरे रहेंव।" म्हणजे दीदीला दाखवायला म्हणून ठेवली होती. तू दवाखान्यात होतीस तेव्हापासून ती पानं घालत होती बिचारी. मी डबा हातात घेतला, आणि झाकण न उघडता माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या झाडावर होती?" निर्मला रडायलाच लागली. मग मीही. शेवग्यावरची केसाळ अळी होती. मी तिला सांगितलं, हात लावू नको, खाज सुटते, झाडावर सोडून ये. म्हणजे बघ, मला येतं थोडं थोडं. तू शिकवलं असं मी कधी मानलं नव्हतं, पण शिकवलंस.

इथवर मी परवा लिहिलं होतं. पुढे काय लिहायचं कळेना, म्हणून कागद तुझ्याच टेबलावर ठेवून दिले.

आज सकाळी चहाच्या आधी बरणी पाहिली आणि जाळीवर काही तरी हललं. मी हाक मारली, "अहो, या, लवकर या," आणि दादा अंगावरचा टॉवेल तसाच घेऊन आले. जाळीला आतून धरून बसली होती एक माशी. काळी, बारीक कमरेची. कोषाला बाजूनं गोल भोक पडलेलं, दाभणानं पाडावं तसं.

मी मटकन तुझ्या पलंगावर बसले. एवढे दिवस मी रोज पाहत होते, आणि आत फुलपाखरू नव्हतंच. आपण दोघी भांडलो, तू दवाखान्यात पडल्या पडल्या विचारत राहिलीस, आणि आत ही बसून खात होती. मला रडू आवरेना. तुला काय सांगू मी आता? तू जिंकलीस का मी जिंकले, हे कधीच कळायचं नाही.

दादांनी वाकून बरणीत पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी म्हणालोच होतो, फेका. त्यांनी बरणी उचलली, खिडकीचं दार उघडलं, रबर काढलं आणि जाळी बाजूला केली. माशी काठावर आली, पंख पुसले आणि उडून गेली. "तिलेबी पोट हाये," असं ते म्हणाले. तुझ्याच आवाजात म्हणाले गं.

मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "लाल होतं."

"काय लाल होतं?"

"शिंग. त्या दिवशी. लाल होतं. सुलूचं बरोबर होतं."

"तुम्ही तर पेपर वाचत होते."

"पेपर समोर होता," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तू गेल्यापासून हा माणूस एकदाही रडला नव्हता, सुलू. मांडववाल्याशी बोलला, पाहुण्यांच्या तिकिटांचं पाहिलं, सगळं केलं. आज तुझ्या खिडकीत रिकामी बरणी धरून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

खरंच पाहिलं होतं का आज बहिणीकडून बोलले, ते मी विचारलं नाही. चहा पिताना मात्र मी म्हणाले, "नियम आहे. माशी निघाली तर कोणी हरलं नाही. पैज पुढच्या अळीवर."

दादांनी बशी खाली ठेवली. "मंग शोध पुढची अळी. सुलूकडून मी हाये. माझं मॉर्मन."

"आणि हरले तर? पाटवडी येते का तुम्हाला?"

"शिकवून ठेव," असं म्हणाले.

दुपारी आम्ही दोघं कढीपत्त्याखाली उभे होतो. झाडाला कोवळी पालवी फुटून राहिली आहे. दादा चष्मा लावून एकेक पान उलटून पाहत होते. वरच्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "इथी पाखरू शिटलं वाटते." मी वाकून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. ती हलली.

तू गेलीस म्हणून मी आता तुझं खरं मानीन, असं समजू नकोस. मी लिंबूवालीवरच आहे. मी बाजू बदलली, तर तू भांडशील कोणाशी?